काटेवाल्याच्या पोटाची दुरुस्ती

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण त्याला आठ अंगं जमिनीला टेकावी लागतात आणि माझं नववंच सगळ्यांच्या आधी टेकतं. तेव्हा उभ्या उभ्या मान लववून केलेला हा नमस्कार गोड मानून घे. (गोड हा शब्दसुद्धा सध्या मला वर्ज्य आहे, पण कागदावर चालत असावा.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला, की अजून त्यालाच सांभाळून आहेत? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे येत्या गुरुवारी सकाळी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे, बाकी सगळं ठीक.

किंचाळू नकोस, भावोजी दचकतील. ही गोष्ट फोनवर सांगता आली असती, पण आपल्या फोनमध्ये पहिलं वाक्य माझं असतं आणि उरलेली सगळी तुझी. ऑपरेशन म्हटल्यावर तू मला पुढे बोलूच दिलं नसतंस. पत्राचं तसं नसतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. तर फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच, ही पहिली विनंती. (एकूण विनंत्या किती करायच्या आहेत ते अजून माझंही ठरलेलं नाही.)

सगळं सुरू झालं डोळ्यांपासून. आपला धंदा डोळ्यांवर चालतो हे तुला सांगायला नको. बाजारातले, गोदामांतले, पोस्टातले वजनकाटे तपासायचे, प्रमाण वजनं ठेवून काटा खरं बोलतो का पाहायचं, खोटं बोलत असेल तर त्याला सरळ करायचं. गेल्या काही महिन्यांत पट्टीवरच्या बारीक रेघा एकमेकींच्या गळ्यात पडायला लागल्या. मी आधी चष्मा पुसला, मग चष्मा बदलला, मग काटे बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. शेवटी तुझ्या भावजयीने मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घालून आत बराच वेळ पाहिलं आणि डोळ्यांबद्दल एक अक्षर न बोलता साखर किती आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, असते थोडीफार. माझी थोडीफार म्हणजे किती ते रक्त तपासल्यावर कळलं, आणि डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक नसा पाझरायला लागल्यात, डोळ्यांवर उपचार आम्ही करू, पण साखर आवरली नाहीत तर आमचे हात टेकतील, असं ते म्हणाले. ताई, मला त्या खुर्चीतच बाबा आणि त्यांची साखर आठवली. शेवटी शेवटी दुकानात बसून ते काट्याची पट्टी बोटांनी चाचपायचे आणि गिऱ्हाइकाला वाटू द्यायचे की आपण विचार करतोय. मग पाय गेला. तेव्हा तू आणि मी स्वयंपाकघरात बसून म्हणायचो, बाबांनी वेळेवर ऐकलं असतं तर. आता ऐकायची पाळी माझ्यावर आली, आणि ऐकणं किती जड जातं ते मला समजलं.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पहाटेचं चालणं झालं. (चालणं पहाटेचं एवढ्यासाठी, की तेव्हा बघायला कुणी नसतं.) वजन मात्र जागचं हलेना. तुला एक गंमत सांगतो. आपल्या दुकानात माणसं तोलायचा एक काटा आहे. तो तपासायला मी धान्याची पोती चढवत आलोय, स्वतः कधी चढलो नाही. सगळ्या गावाला खरं वजन सांगणारा माणूस स्वतःच्या वजनाबद्दल अंदाजावर जगत होता. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं की तुमचं वजन आणि तुमची साखर या दोघांनी संगनमत केलंय, एकेकाला समजावून उपयोग नाही, सर्जनना भेटा.

सर्जन म्हणजे एक बुटकेसे, मृदू बोलणारे गृहस्थ आहेत. हात इतके लहान की मला आधी काळजीच वाटली, मग लक्षात आलं की आत शिरायचं तर लहानच बरे. तसा हात आत घालतच नाहीत म्हणा. पोटावर चार-पाच बारीक भोकं पाडतात, एकातून दुर्बीण घालतात, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं, आणि स्वतः पडद्याकडे बघत काम करतात. त्यासाठी आधी पोटात हवा भरून ते फुगवतात, म्हणजे आत वावरायला जागा होते. (माझं पोट आणखी फुगवायची गरज कुणाला तरी भासेल असं मला कधी वाटलं नव्हतं.) मग जठराचा मोठा भाग कापून काढतात, कापता कापताच कडेला बारीक टाचण्या मारत जातात, आणि जे उरतं ते केळ्याएवढं. मी विचारलं, कापलेला भाग बाहेर कसा काढता? ते म्हणाले, त्याच भोकातून, थोडं मोठं करून. इतकी वर्षं मोठ्या दरवाजाने आत गेलेला माल असा मागच्या खिडकीतून निघणार, याचं मला जरा वाईट वाटलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हे नुसतं कमी खायला लावायचं ऑपरेशन नाही. जठर लहान झालं की आतड्यांतून जे रस रक्तात जातात त्यांचं वागणं बदलतं, भूक निवते, आणि बऱ्याच जणांची साखर वजन उतरायच्या आधीच खाली यायला लागते. सगळ्यांची येते असं नाही, आणि आली तरी कायमची येते असंही नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतील, तपासण्या कराव्या लागतील, आणि तोंडावर ताबा तुमचा तुम्हालाच ठेवावा लागेल, तो आम्ही आत बसवून देत नाही, असंही म्हणाले. मी त्यांना विचारलं की टाचण्या मारायचं ते यंत्र कोण तपासतं आणि किती दिवसांनी. दुसरा एखादा चिडला असता. त्यांनी आतून एक नमुना आणून माझ्या हातात दिला आणि कसं चालतं ते दाखवलं. त्या माणसावर माझा विश्वास बसला तो तिथे.

आता माझी फजिती ऐक. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर राहायचं असतं. कारण जठरावर यकृत पसरलेलं असतं, आमच्यासारख्यांचं ते चरबीने फुगून गुबगुबीत झालेलं असतं, आणि ते आकसलं नाही तर दुर्बिणीला वाट मिळत नाही. म्हणून वजन उतरवून दाखवा, मग तारीख घ्या, असा तिथला नियम. दर आठवड्याला आम्हा उमेदवारांची एका खोलीत बैठक असते. ती खोली तू बघायला हवीस. तिथल्या खुर्च्यांना हात नाहीत. तुला यातलं महत्त्व कळणार नाही. हात असलेल्या खुर्चीत बसणं म्हणजे काय आणि त्यातून उठणं म्हणजे काय, खुर्ची सोबत उठते आणि सगळं दालन बघतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. त्या खोलीत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा इतकं मोकळं वाटलं की उगाच दोनदा उठून पुन्हा बसलो.

माझ्या एका बाजूला बसचे एक ड्रायव्हर बसायचे. त्यांचं पोट स्टिअरिंगला लागायचं म्हणून सीट मागे घेतलेली, आणि सीट मागे घेतली म्हणून पाय जेमतेम ब्रेकला पोचायचे. (हे ऐकल्यापासून मी त्यांच्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसत नाही.) दुसऱ्या बाजूला एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी जिना चढायला नको म्हणून आपला वर्ग तळमजल्यावर घेतला होता आणि मुलांना सांगितलं होतं की वर हवा चांगली नाही. आम्ही तिघं तिथे इतकं हसायचो की आहारतज्ज्ञ बाई आम्हाला वेगवेगळं बसवायच्या. त्या खोलीत कुणी कुणाला सल्ला देत नाही. बाहेर आम्हाला भेटणारा प्रत्येक माणूस सल्ला देतो, अगदी जिन्यात वाट अडली म्हणून थांबलेलासुद्धा.

आहारतज्ज्ञ बाई म्हणजे एक काडीसारखी मुलगी, पण आवाजात वजन. तिने आम्हाला पातळ पदार्थ समजावून सांगितले: सूप, ताक, दूध, तिने दिलेली पावडर पाण्यात घालून. मी सगळं मान्य केलं. घरी आल्यावर मात्र माझ्या मनात विचार आला की पातळ म्हणजे जे ओतता येतं ते. मग आइस्क्रीम दुकानाच्या टेबलावर थोडा वेळ ठेवलं तर ते पातळच नाही का? बिस्किट दुधात इतका वेळ बुडवलं की त्याचं बिस्किटपण संपलं, तर मग उरलं ते दूधच. केकचंही असं होतं, फक्त दूध जरा गरम लागतं. ताई, मी हे चोरून करत होतो असं म्हणू नकोस, मी ते शास्त्राला धरून करत होतो. दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं ते उन्हासाठी.

त्या आठवड्यात मी बाजारातून थेट बैठकीला गेलो, हातात वजनांची पेटी. आहारतज्ज्ञ बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या आणि माझी नजर कोपऱ्यातल्या काट्यावर गेली. आजवर मी तिथे स्वतःचं वजन बघायच्या धास्तीत असायचो, काट्याकडे काटा म्हणून बघितलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं तर काट्याची मागची कड भिंतीच्या लाकडी पट्टीला घासून टेकलेली. म्हणजे वर चढणाऱ्याचा थोडा भार भिंत उचलत होती आणि काटा तेवढं वजन कमी दाखवत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं ओझं वाटून घेत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शहाण्या माणसाने अशा वेळी गप्प बसावं. पण हात शिवशिवले. मी उठलो, काटा बोटभर पुढे ओढला, पेटीतली वजनं ठेवून पाहिली, काटा चोख. समाधानाने जागेवर येऊन बसलो. ड्रायव्हरांना वाटलं मी व्यायाम करतोय.

मग वजनं सुरू झाली. मुख्याध्यापिका आधी चढल्या. मागच्या खेपेपेक्षा जास्त. ड्रायव्हर चढले. जास्त. त्यांच्यामागे आणखी एक-दोघं. जास्त, जास्त. आहारतज्ज्ञ बाईंचा चेहरा उतरत गेला. तिने कुणाला रागावलं नाही, फक्त हळू आवाजात म्हणाली की लपवून खाल्लं असेल तर सांगा, नाहीतर कुणालाच तारीख देता येणार नाही. ड्रायव्हरांना पुढच्याच आठवड्यातली तारीख मिळायची होती. त्यांच्या घरी सगळी तयारी झालेली. ते पोटाला हात लावून शपथा घ्यायला लागले की सुपाशिवाय कशाला शिवलो नाही. आणि मुख्याध्यापिका, ज्यांनी उभा जन्म दुसऱ्यांना उभं करून जाब विचारण्यात घालवला, त्या मान खाली घालून उभ्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग मला राहवलं नाही. मी उठून उभा राहिलो, सगळा प्रकार सांगितला, भिंतीचा भार, काट्याचा न्याय, वर थोडं व्याख्यानही दिलं. (तुला माझी सवय माहीत आहे.) आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे ऐकलं, मागच्या वजनांशी मेळ बसावा म्हणून काटा पुन्हा होता तसा भिंतीला लावला आणि सगळ्यांना परत चढायला सांगितलं. मुख्याध्यापिकांचं वजन छान उतरलेलं. ड्रायव्हरांचं त्याहून छान. बाकीच्यांचंही उतरलेलं. टाळ्या पडल्या. शेवटी मी चढलो.

भिंतीने एवढी मदत करूनही माझं वाढलेलं होतं.

मग ड्रायव्हर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काटेवाले, तुमच्यासाठी भिंत अजून थोडी पुढे घेऊ का?" आणि सगळी खोली गदगदा हसायला लागली, मला धरून. तारखा सगळ्यांना मिळाल्या, माझी तेवढी पुढे गेली. सगळ्या गावाचं वजन खरं करता करता माझंच खरं उघडं पडलं.

बैठक संपल्यावर त्या मुलीने मला थांबवून घेतलं. मी आइस्क्रीमचं शास्त्र सांगितलं. मला वाटलं ही आता बोलेल. ती म्हणाली, "काका, हे सगळं कुणाबरोबर बसून खाल्लंत?" मी म्हटलं, कुणाबरोबर नाही, दुकानात, एकट्यानेच. ती म्हणाली, मग यापुढे जे काही घ्याल ते घरी, टेबलाशी, काकूंच्या समोर घ्या, बाकी काही बदलू नका. एवढंच. मी रस्ताभर तिच्यावर चिडत आलो, आणि घराच्या जिन्यावर माझ्या लक्षात आलं की गेल्या कित्येक दिवसांत मी हिच्यासोबत टेबलाशी बसलोच नव्हतो. मला घरात जेवणाचा वास येऊ नये म्हणून ही बिचारी शेजारणीकडे जाऊन, उभ्या उभ्या दोन घास खाऊन येत होती. आल्यावर म्हणायची, भूकच नव्हती. हनुवटीला पावाचा कण असायचा. मी ऑपरेशनच्या भीतीने चोरून खात होतो आणि ही मला त्रास नको म्हणून चोरून खात होती, आणि दोघंही एकमेकांना तब्येत कशी आहे विचारत होतो. त्या दिवशी मी तिला बसवलं आणि म्हटलं, तू माझ्यासमोर जेव, मी सूप पितो. ती रडली, मग जेवली, मग म्हणाली की शेजारणीचं मीठ जास्तच असतं.

त्यानंतर मी खरोखर पातळावर राहिलो. पहिले दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, आणि जाहिरातीतली बिस्किटं मला नावाने हाक मारायची. तेवढ्यात ड्रायव्हरांचं ऑपरेशन झालं, म्हणून दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. मला वाटलं होतं माणूस नळ्यांच्या जंजाळात डोळे मिटून पडलेला असेल. तर हे गृहस्थ दालनात फेऱ्या मारत होते. खांदा धरून. पोटात भरलेल्या हवेतली थोडी मागे राहते आणि ती खांद्यात दुखते म्हणे, चाललं की जाते. (पोटाचं दुखणं खांद्याने का सोसायचं, हे काही मला पटलं नाही.) पोटावर पाच छोट्या पट्ट्या, एवढंच. औषध प्यायच्या कपातून ते पाण्याचे घोट घेत होते, इतके हळू की मला वाटलं चव घेतायत. म्हणाले, काटेवाले, रात्री घाबरलो होतो, सकाळी मळमळलो, आता तुमच्याशी बोलतोय. साखरेसाठीच्या सुईचं औषधही डॉक्टरांनी लगेच कमी केलंय, पुढचं पुढे बघू म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, भूक लागली नाहीये, हे असं असतं हे मला माहीतच नव्हतं. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

परवाच्या बैठकीत भिंतीपासून दूर, चोख काट्यावर, माझं वजन उतरलेलं निघालं आणि मला गुरुवार मिळाला. मुख्याध्यापिकांनी माझ्यासाठी टाळी वाजवली, वर्गातल्यासारखी, एकदाच आणि ठणठणीत.

तेव्हा काळजी करू नकोस. मी अगदी शांत आहे. ऑपरेशन नेहमीचंच झालंय, सर्जनांचा हात बसलेला आहे, दोन-तीन दिवसांत घरी येईन, आठवड्या-दोन आठवड्यांत दुकान उघडीन. तुला इतक्या लांबून धावत यायची काहीच गरज नाही. उगाच बसचा त्रास, तुझा गुडघा, भावोजींचा खोकला. तू तिथूनच आशीर्वाद दे, पोचतो. भावोजींना नमस्कार.

तुझा,
ढोल्या (अजून तरी)

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद तुझी भावजय मागे उभी राहून वाचत होती म्हणून तसा लिहिला. आता ती आत गेली आहे. ताई, माझी पाचावर धारण बसली आहे. बुधवारी संध्याकाळच्या बसने ये. ही घाबरली की बोलत नाही, नुसती भांडी घासते, आणि दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर घासायला भांडी नसतात. तिच्याशेजारी बसून तू बोलत राहा. तुला मध्ये थांबायची गरज पडणार नाही, एवढी खात्री मी देतो.

ता. क. दुसरा. तू येते आहेस असं मी तिला सांगून मोकळाही झालो आहे. तिने तुझ्यासाठी गादी उन्हात टाकली. आता नाही म्हणू नकोस.

ता. क. शेवटचा, आणि हे सगळं पत्र मी यासाठीच लिहायला घेतलं होतं. मागच्या खेपेला तू आलीस, तेव्हा स्टँडवरून आपण घरी चालत आलो. तू पुढे होतीस, बोलत होतीस. रस्त्यात तुझ्या डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. तुला कळलं नाही. तू तशीच, एका पायात चप्पल घालून, खडीवरून बोलत चालत राहिलीस. मी ती उचलली आणि दाराशी तुझ्या दुसऱ्या चपलेशेजारी नेऊन ठेवली, तुला वाटलं तूच काढलीस. बाबांच्या पायाचंही असंच सुरू झालं होतं, हे तुझ्याही लक्षात असणार. त्या दिवशी तुला काही बोलायची माझी हिंमत झाली नाही, कारण माझ्याकडे बघून तू म्हणाली असतीस, आधी स्वतःचं बघ. म्हणून आधी स्वतःचं बघितलं. गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त घेतात आणि पायांचीही तपासणी करतात. तिथे मी तुझं नाव सांगून ठेवलं आहे. हवं तेवढं रागव, मी आडवा पडलेला असेन, उलट बोलणार नाही. फक्त त्या दिवशी उठल्यावर काही खाऊ नकोस, चहासुद्धा नको. मलाही पाण्याचा थेंब देणार नाहीयेत. जन्मभर आपण दोघं सोबत बसून खात आलो, ताई. एक सकाळ सोबत उपाशी राहू.